आईच्या मांडीवरची शाळा : पंडिता रमाबाईंचे जीवन

मूल तीन वर्षांचे झाले की घरात एक प्रश्न येऊन बसतो. त्याला काय शिकवावे, सुरुवात कशाने करावी, कोणते पुस्तक आणावे, कोणता खेळ हाती द्यावा? २०२० साली महामारीमुळे शाळांना कुलपे लागली आणि परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील अनेक घरांच्या ओसऱ्यांचे वर्ग झाले, तेव्हा हा प्रश्न केवळ हौशी पालकांचा राहिला नाही. पुण्यामुंबईकडे काही कुटुंबांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा मार्ग पत्करला आहे आणि त्यांच्यासाठी तयार अभ्यासक्रमांचे संचही बाजारात मिळतात. आपल्याकडील बहुतेक आईवडील मुलांना शाळेत पाठवतातच. तरीही शाळेपूर्वीची तीन-चार वर्षे आणि शाळा सुटल्यानंतरचे रोजचे तास त्यांच्याच हाती असतात. त्या तासांत काय घालायचे हे ठरवणे म्हणजेदेखील अभ्यासक्रम निवडणेच होय.

या निवडीचे फळ आणि तिची किंमत ही दोन्ही एका मराठी घराने पुरेपूर अनुभवली. त्या घरातील मुलीचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे. पंडिता रमाबाई हे नाव ख्रिस्ती घरांत अपरिचित नाही. केडगावचे मुक्ती मिशन, मराठी बायबल, अनाथ मुली व विधवा यांची सेवा हे सर्व आपण ऐकून असतो. परंतु लहानपणी त्या कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांच्या आईनेच त्यांना घरी, किंबहुना घर नसतानाही, शिकवले, ही बाजू बहुधा मागे पडते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर भागातील माळहेरंजी गावचे. विद्येसाठी ते पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांचे शिष्य झाले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. गुरूंबरोबर वाड्यात जाता-येता एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक कानी पडले आणि या तरुण शिष्याला नवल वाटले. आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावयाची, असे त्याने मनाशी ठरवले. गावी परतल्यावर मात्र हा बेत फसला. पत्नीला गोडी नव्हती आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही.

ती पत्नी निवर्तल्यानंतर अनंतशास्त्री प्रवासात असताना गोदावरीच्या काठी स्नानाला आले. पाथरी आणि गंगाखेडच्या शिवारांतून वाहणारी हीच ती नदी. तेथे यात्रेला निघालेले एक ब्राह्मण कुटुंब उतरले होते. त्या गृहस्थाने या विद्वान, विधुर प्रवाशाची चौकशी केली आणि आपली नऊ वर्षांची मुलगी त्यास देऊ केली. तासाभरात बोलणे झाले, दुसऱ्या दिवशी लग्न लागले. वराने तेव्हा चाळिशी ओलांडली होती. आज या विवाहाचे समर्थन कोणी करणार नाही, करूही नये. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे घडलेल्या या विवाहातून त्या काळच्या रीतीबाहेरची एक गोष्ट जन्माला आली. अनंतशास्त्रींनी लहानग्या लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवण्यास आरंभ केला.

घरच्यांचा विरोध पुन्हा उसळला. तेव्हा शास्त्रीबोवा पत्नीला घेऊन सह्याद्रीच्या घनदाट रानात, गंगामूळ येथे राहावयास गेले. पहिली रात्र उघड्यावर काढावी लागली. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. ती बालवधू पासोडी घट्ट लपेटून जमिनीवर थरथरत पडली होती आणि पती पहाटेपर्यंत जागा राहून राखण करीत होता. पुढे तेथे पर्णकुटी उभी राहिली, शेत झाले, गुरे आली, विद्यार्थी जमले, आणि त्या वनातल्या शाळेत लक्ष्मीबाई इतक्या तयार झाल्या की शिष्यांना शिकवण्याइतका त्यांचा अधिकार झाला. स्त्रीला संस्कृत शिकवल्याचा जाब देण्यासाठी अनंतशास्त्रींना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे उभे राहावे लागले. त्यांनी धर्मग्रंथांतूनच वचने गोळा केली आणि वेद वगळता इतर संस्कृत विद्या स्त्रियांना वर्ज्य नाही असे दाखवून दिले.

याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला. परंतु ते आश्रमजीवन तिच्या वाट्याला आले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचा आणि शिष्यांचा पाहुणचार करता करता शास्त्रीबोवांची पुंजी संपली आणि कर्ज झाले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने गंगामूळ सोडले. वेताच्या पेटाऱ्यात ठेवलेल्या त्या बाळाला डोक्यावर घेऊन डोंगर उतरण्यात आला. त्यानंतरची जवळजवळ सोळा वर्षे आईवडील, मोठा भाऊ श्रीनिवास, मोठी बहीण आणि रमा तीर्थाटन करीत राहिली. एका क्षेत्री काही महिने राहावे, देवळात किंवा नदीकाठी पुराण वाचावे, श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर आणि धान्यावर निर्वाह करावा आणि पुढचा रस्ता धरावा, असा हा संसार होता.

अशा संसारात मुलीचे शिक्षण कसे व्हावे? वडील साठी उलटलेले. मोठ्या मुलांना त्यांनी शिकवले होते. धाकटीला शिकवण्याइतकी शक्ती आता उरली नव्हती. तेव्हा हे काम लक्ष्मीबाईंनी आपल्याकडे घेतले. रमा आठ वर्षांची होती. दिवसभर स्वयंपाक, पाणी, पूजेची तयारी, आल्या-गेल्याचे जेवण यांतून त्या माउलीला क्षणाची उसंत नसे. मोकळी वेळ एकच होती, ती म्हणजे उजाडण्यापूर्वीची. झोपेने जड झालेल्या मुलीला ती अंथरुणातून हळूच उचलून मांडीवर घेई, लाडाच्या शब्दांनी तिला जागी करी आणि मग धडा सुरू होई. पुस्तक नसे. आईने म्हणावे, मुलीने म्हणावे. बाहेर पाखरे जागी होऊ लागत तोवर पाठ संपलेला असे.

सात वर्षे हा क्रम चालला. अमरकोश, संस्कृत व्याकरण, भगवद्गीता आणि भागवत हा त्या शाळेचा अभ्यासक्रम. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत झाले होते, असे तिचे चरित्रकार सांगतात. घरात मराठी बोलली जाई. वाटेवरच्या मुक्कामांनी कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली दिली. नुसते पाठांतर म्हणून आज आपण नाक मुरडू. परंतु पुढील आयुष्यात रमाबाईंनी या शिक्षणाचे मोजमाप निराळ्या मापाने केले. किती श्लोक पाठ झाले याला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. इतरांच्या फारशा साहाय्यावाचून आपले शिक्षण आपण पुढे नेऊ शकू, असे वळण आईने आपल्या बुद्धीला लावले, हे त्यांना सर्वांत मोठे देणे वाटले. इंग्रजी, हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्या प्रौढ वयात शिकल्या. त्या शिकण्याची मुळे या पहाटेच्या पाठांत होती.

घरातील मोठ्या मुलीचा बालविवाह दुःखद ठरला होता, म्हणून रमेच्या लग्नाची घाई आईवडिलांनी केली नाही. हीही त्या शिक्षणाचीच एक बाजू म्हटली पाहिजे, कारण लग्न झाले असते तर पाठ नवव्या-दहाव्या वर्षीच संपले असते.

आता या शाळेची दुसरी बाजू. आईवडिलांनी जे निवडले ते मनापासून निवडले, पण जे वगळले तेही तितक्याच मनापासून वगळले. भूगोल नाही, जमाखर्च नाही, इंग्रजी नाही, हाताचा एखादा धंदा नाही. ऐहिक विद्या शिकल्या तर मुले संसारात गुंततील आणि परक्यांच्या संगतीने आचार बिघडेल, अशी त्यांना भीती होती. मुलांना बाहेरच्यांत फारसे मिसळूही दिले जात नसे. घरी शिकवण्याचा मार्ग धरणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंत कुटुंबाला, मग ते कोणत्याही धर्माचे असो, हा मोह होतोच. मुलांना जगापासून जपावे हा हेतू शुद्ध असतो. पण जपण्याच्या नादात त्यांचे हात रिकामे राहतात.

ते रिकामे हात १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा उघडे पडले. उरलेला पैसा दानधर्मात आणि व्रतांत गेला होता. दागिने विकले, भांडी विकली, अखेर अंगावरची चांगली वस्त्रेही विकली. पुराण ऐकायला कोणी येईना, कारण ऐकणारेच उपाशी होते. भीक मागण्याची लाज आणि मजुरी करण्याची सवय नाही, अशा अवस्थेत हे विद्वान कुटुंब रानात जाऊन पडले. अकरा दिवस पाणी, पाला आणि रानखजुरे यांवर निघाले. डोळे गेलेले वृद्ध वडील जलसमाधी घ्यावयास निघाले, तेव्हा श्रीनिवासने पडेल ते काम करून पोट भरण्याचा निश्चय बोलून दाखवला आणि ते थांबले. पण उशीर झाला होता. अनंतशास्त्री जुलै १८७४ मध्ये गेले. त्यांच्यामागून थोड्याच आठवड्यांनी लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांना स्मशानात न्यायला दोनच माणसे पुढे आली. चौथा खांदेकरी नव्हता, म्हणून सोळा वर्षांच्या रमेने एक कोपरा उचलला; उंची कमी पडत होती म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. जिने तिला पहाटेच्या अंधारात मांडीवर घेऊन शिकवले, तिला तिने असे पोहोचवले. पुढे मोठी बहीणही गेली.

आपण काही काम शिकलो असतो तर आईवडील असे गेले नसते, ही जाणीव रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात स्पष्टपणे नोंदवली आहे. आईविषयी त्यांच्या लेखनात कोठेही कडवटपणा नाही. तरीही त्यांनी पुढे ज्या ज्या शाळा उभारल्या, त्या पाहिल्या की ही जाणीव किती खोल गेली होती ते कळते.

भाऊ-बहीण पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. आईच्या मुखातून शिकलेले संस्कृत तेथील विद्वानांनी पारखले आणि वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्यांचे ख्रिस्तचरित्राचे वाचन तेथून सुरू झाले. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, आणि एका लहान मुलीची आई म्हणून, काय शिकवावे हा प्रश्न आता त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर यांची गरज मांडली आणि १८८२ मध्येच ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकात मुलांच्या संगोपनाला स्वतंत्र जागा आहे. पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा राहिला. १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी माय-लेकींचा स्नानसंस्कार झाला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः विज्ञान, गणित, इंग्रजी शिकल्या.

चेल्टनहॅमला असताना मनोरमा वाँटेजला धर्मभगिनींच्या देखरेखीखाली होती. त्यांची माया खरी होती, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांची. परंतु चार वर्षांच्या मुलीला धर्माचे काय व कसे शिकवावे, कोणी शिकवावे, यावरून पत्रव्यवहारात खटके उडू लागले. स्वतः रमाबाईंच्या मनात काही सिद्धान्तांविषयी शंका होत्या. जे आपल्याला अजून पटलेले नाही ते आपल्या मुलीच्या तोंडी घातले जाऊ नये, तिच्या शिक्षणाचा शेवटचा शब्द आईचा असावा, असा त्यांचा आग्रह होता. आणखी एक गोष्ट त्यांना सलत होती. मुलगी इंग्रजी वातावरणात वाढताना आपल्या माणसांपासून तुटू नये, हिंदुस्थानची कन्या म्हणवून घेताना तिने मान खाली घालू नये, असे त्यांनी निक्षून कळवले. धर्मगुरू म्हणून मला त्या भगिनींची काळजी समजते. श्रद्धेचे शिक्षण अर्धवट ठेवून चालत नाही. तरीही आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात नमूद केले आहे, आणि या एका मुद्द्यावर तरी रमाबाईंचा आग्रह ऐंशी वर्षे आधीचा होता.

१८८६ च्या मार्चमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. जायच्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. त्या मुक्कामातील ‘दि हाय कास्ट हिंदू वुमन’ हे १८८७ चे इंग्रजी पुस्तक आणि भाषणांतून उभा राहिलेला निधी यांची कथा प्रसिद्ध आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना लहान आहे. तेथे त्या बालवर्गाच्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणवर्गात विद्यार्थिनी म्हणून बसल्या.

जर्मन शिक्षक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले होते. त्यांच्या पद्धतीत अक्षरओळख पहिली नव्हे. मुलाच्या हाती प्रथम लोकरीचा मऊ चेंडू येतो, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल, मग लहान लहान ठोकळे. त्यांतून ते आकार, संख्या, सारखेपणा आणि वेगळेपणा हातांनी ओळखते. पुढे कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, काड्यांची रचना, माती, गाणी, आणि खरोखरीची बाग, जिथे मूल स्वतः बी पेरते. अठरा हजार श्लोक कानांनी शिकलेल्या, पण हाताला एकही काम न लागलेल्या स्त्रीने हे पाहिले तेव्हा तिला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. बालशिक्षणाच्या या विचारांना धरून मराठी मुलींसाठी सचित्र वाचनपुस्तके तयार करण्याचे काम त्यांनी अमेरिकेतच हाती घेतले.

येथे थोडे विषयांतर करतो. फ्रोबेलचे साहित्य विलायती पेटीतच यावे लागते असे नाही. आपल्या परभणीच्या खेड्यांत ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करणारे, पोळ्याला मातीचे बैल घडवणारे, चिंचोके आणि सागरगोटे मोजणारे मूल हेच शिकत असते. फक्त कोणी मोठे माणूस त्याच्यापाशी बसावे लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडला नेले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया हेच साहित्य त्यांनी वापरात आणले. दुकानातील रंगीत पेटी घ्यायची की नाही या विचारात पडलेल्या आईने आधी आपल्या अंगणाकडे पाहावे, असे मला वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी दोनच. त्यांपैकी बालविधवा गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. या शाळेत लेखन-वाचन, गणित, भाषा यांच्या जोडीला बालवर्ग चालवण्याचे शिक्षण ठेवले होते, जेणेकरून विधवेला शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे. शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्रही होते. मुलींना आपल्या देहाची आणि भोवतालच्या सृष्टीची ओळख व्हावी हा त्यामागील विचार. सोवळ्यात कोंडलेल्या, अपशकुनी म्हणून हिणवलेल्या लहान मुलींसाठी शाळेभोवती फुलझाडे लावणे हादेखील अभ्यासक्रमाचाच भाग होता.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले आणि १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली स्वेच्छेने बसतात, त्यांच्यावर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालक मुलींना घेऊन गेले. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती केलेली नाही आणि कोणाला अडवणारही नाही. आपण ख्रिस्ती वाचक साहजिकच त्यांच्या बाजूने झुकतो. परंतु आपल्या मुलीला काय शिकवले जाते हे जाणण्याचा जो हक्क त्यांनी वाँटेजमध्ये मागितला, तोच हक्क ते पालक पुण्यात मागत होते, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. हा पेच त्यांना सोडवता आला नाही. त्यांनी आपला मार्ग बदलला नाही आणि ज्यांना जायचे होते त्यांना जाऊ दिले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील भुकेलेल्या मुलींचे लोंढे पाहून रमाबाईंना आपले १८७४ आठवले नसेल तर नवल. त्यांनी शेकडो मुली पुण्याजवळ केडगाव येथे आणल्या. तेथे त्यांनी आधीच शेतजमीन घेतली होती. १८९८ मध्ये मुक्तीची विधिवत् स्थापना झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील मुली-स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. परभणीहून रेल्वेने पुण्यास जाताना दौंड सोडले की हे केडगाव लागते.

मुक्तीची दिनचर्या पाहिली की गंगामूळची आणि दुष्काळाच्या रानाची अशा दोन्ही आठवणी तिच्यात एकत्र आलेल्या दिसतात. पहाटेची प्रार्थना आणि पाठ होते. लहानग्यांसाठी बालवर्ग होता. आणि त्याबरोबर प्रत्येक हाताला काम होते : हातमाग, शिवण, गोठा, तेलाचा घाणा, बागायत, सुतारकाम, गवंडीकाम, छापखाना. वाचता न येणारी मुलगी काही वर्षांत खिळे जुळवू लागे. दुष्काळात आपली मुलगी पुन्हा उपाशी मरू नये, एवढाच साधा हिशेब त्यामागे होता. गंगाखेडात जन्मलेल्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता अभंग रचीत, असे परंपरा सांगते. हातातील काम आणि मनातील विद्या यांचे वैर नाही, हे मराठवाड्याला तसे नवे नाही. परंतु शास्त्र्याच्या घरी जन्मलेल्या मुलीने घाणा आणि व्याकरण एका छताखाली आणावे, हे त्या काळी नवेच होते.

मनोरमा ही या सर्वांची साक्षीदार आणि वाटेकरी. इंग्लंड-अमेरिकेत शिकूनही ती परत आली, मराठीत रुळली आणि शारदा सदनाचा कारभार पाहू लागली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम तिने हाती घेतले. १९१२ च्या सुमारास तिने गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढली. त्या वेळी गुलबर्गा आणि आपले परभणी एकाच निजामी राज्यात होते, आणि मुलींच्या शाळा त्या मुलखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आपल्या माणसांपासून मुलगी तुटू नये, ही आईची वाँटेजच्या काळातील चिंता अशा रीतीने निवाली.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी एक मोठे काम एकट्याने अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबलची भाषा साध्या, खेड्यातील बाईला अवघड जाते असे त्यांना वाटत असे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या कोणत्याही एका पंथाला पुरत्या बांधलेल्या नव्हत्या आणि आपल्या कॅथोलिक परंपरेशी त्यांचा थेट संबंध आला नाही. पण संस्कृताची एवढी अधिकारी स्त्री संस्कृतप्रचुर शब्द वेचून बाजूला काढीत बसते, हे दृश्य कोणत्याही मराठी ख्रिस्ती माणसाला हलवल्यावाचून राहणार नाही. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्तीतल्या मुलींनीच केली. त्यांतील कित्येकींना दुष्काळातून उचलून आणले होते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ती चाळीस वर्षांची होती. आपल्यामागे काम सांभाळील म्हणून जिच्याकडे पाहावे, ती आधी गेली. त्यानंतर रमाबाई जेमतेम नऊ महिने जगल्या. प्रकृती ढासळत असताना त्या भाषांतराची अखेरची मुद्रिते तपासत होत्या. ती पुरी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. मुक्ती मिशनचे काम तेथे आजही चालू आहे.